मोटारीचा श्वास आणि वैशाखाचें ऊन



यवतमाळ जिल्ह्यांतील माणसास उन्हाळा समजावून सांगण्याचें धाडस कोणी करूं नये. मे महिन्याच्या उत्तरार्धांत सूर्य रोहिणी नक्षत्रांत शिरला कीं आपल्याकडे नवतपा सुरू होतो. त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसतो, रस्त्याचें डांबर मऊ पडतें, आणि दुपारीं एकच्या सुमारास बाहेर पडावेंच लागलें तर मनुष्य डोकें व कान दुपट्ट्यानें घट्ट गुंडाळून बाहेर पडतो. घरांत कूलर चालू असतो, माठ सावलींत असतो, खिडक्यांचे पडदे ओढलेले असतात. स्वतःपुरता बंदोबस्त मनुष्यानें चोख केला आहे.

परंतु लग्नसराईहि याच दिवसांत असते. पांच माणसें, त्यांचें सामान, आहेराचीं भांडीं आणि अखंड चालू असलेलें वातानुकूलन यंत्र, एवढा भार घेऊन मोटार पुसदहून यवतमाळकडे किंवा उमरखेडहून आर्णीकडे निघते. चढ आला कीं ती धापा टाकूं लागते. मागची मालमोटार भोंगा वाजवीत असते, पुढें गिट्टीचा ट्रक असतो, आणि त्याला ओलांडून जाण्यासाठीं जो एक जोराचा हिसका गाडीनें द्यावा तो ती देत नाहीं. गाडी म्हातारी झाली असें मालक म्हणतो. पुष्कळदां ती म्हातारी झालेली नसते. तिच्या वांट्यास येणारी हवाच विरळ असते. त्या हवेला थोडी सावली कशी करावी, एअर फिल्टर आणि इंजिनाची धग यांच्यामध्यें पत्र्याचा आडपडदा घरच्या घरीं कसा बसवावा, आणि तो कोणीं बसवूं नये, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

इंजिन पेट्रोलवर चालतें असें आपण म्हणतों. वजनाचा हिशेब केला तर तें मुख्यतः हवेवर चालतें. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. घरगुती गाड्यांत सामान्यतः आढळणारें १२०० घनसेंटिमीटरचें फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर तें मिनिटास १८०० लिटरांपर्यंत हवा ओढूं शकतें. म्हणजे दर सेकंदास ३० लिटर, न्हाणीघरांतील दोन बादल्या भरून.

आतां खरी मेख येथें आहे. इंजिन हवा घेतें ती आकारमानानें, आणि पेट्रोलला ती हवी असते वजनानें. सिलिंडरची पोकळी ठरलेली. तींत थंड हवा भरली तर वजन अधिक भरतें, तापलेली भरली तर कमी. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष उष्णतामानाच्या व्यस्त प्रमाणांत बदलते. निरपेक्ष उष्णतामान म्हणजे सेल्सियस अंशांत २७३ मिळवून येणारा आंकडा. इंजिनाची शक्ति मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत २५ अंशांची हवा गृहीत धरलेली असते. म्हणजे हा आंकडा २९८. आपल्या ४५ अंशांस तोच ३१८ होतो आणि हवेच्या वजनांतून शेंकडा सहा उणे होतात. शिवाय यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचावर असल्यामुळें हवेचा दाब आधींच शेंकडा पांचांनीं कमी आहे. या उंचीचा लाभ आपण रात्रीं गच्चीवर झोपून घेतों. त्याची किंमत मोटार दिवसा मोजते.

ही घट निसर्गाची आहे व तिजवर इलाज नाहीं. परंतु बाहेरची ४५ अंशांची हवा बॉनेटखालीं तापून फिल्टरांत शिरतांना ६५ अंशांची झाली, तर आंकडा ३३८ वर जातो आणि आणखी शेंकडा सहा वजन जातें. हे दुसरे सहा आपल्या हातांतले आहेत. इंजिनाची शक्ति अगदीं तितक्याच मापानें घटते असें नाहीं, कांहींशी कमी घटते. तरी चढावर आणि भरल्या गाडींत हा फरक चालकाच्या पायाला जाणवतो.

वजनाच्या तुटीपेक्षांहि एक वाईट परिणाम आहे. ठिणगीनें लावलेली ज्वाळा सिलिंडरच्या कडेपर्यंत पोंचण्यापूर्वींच तेथील अतितप्त मिश्रण एकाएकीं आपोआप पेटतें. डब्यांत खडे हलविल्यासारखा जो आवाज चढावर ऐकूं येतो तो याचाच. मिस्त्री त्यास नॉकिंग म्हणतात. नव्या गाड्यांत हा आवाज ओळखणारें उपकरण असतें व तें ठिणगी थोडी मागें सारतें. इंजिन वांचतें, पण शक्ति कमी होते व पेट्रोल अधिक जातें. जुन्या गाडींत असा पहारेकरी नाहीं. तेथें पिस्टन सोसतो. डिझेलवाल्यांनींहि निश्चिंत राहण्याचें कारण नाहीं. त्यांच्या गाड्यांतील टर्बो हवा दाबून भरतो, आणि दाबलेली हवा सायकलच्या पंपाप्रमाणें तापते. ४५ अंशांची हवा दुप्पट दाबास नेली कीं ती १०० अंशांच्या पुष्कळ वर जाते. पुढें इंटरकूलर तिला निववितो खरा, पण मुळांत जितकी तापलेली हवा द्याल तितकें त्याचें ओझें वाढतें.

बॉनेटखालीं ही धग येते कोठून? रेडिएटरमधून आलेली तप्त हवा पंख्यानें आंत फेंकलेली असते, हें एक. दुसरें आणि अधिक प्रखर उगमस्थान म्हणजे जळका वायु ज्या ओतीव नळ्यांतून सायलेन्सरकडे जातो तें मॅनिफोल्ड. भार असतांना त्याचा पृष्ठभाग ५०० अंशांवर सहज जातो.

उष्णता तीन वाटांनीं प्रवास करते. चुलीवरच्या कढईंत ठेवलेल्या उलथण्याचा दांडा तापतो तें वहन. चुलीच्या वर हात धरला असतां ऊन हवेचा लोट लागतो तें अभिसरण. आणि चुलीसमोर बसणारणीच्या गालांवर जी धग लागते तें प्रारण. तिच्या चेहऱ्यापुढची हवा फारशी तापलेली नसते. तरी गाल भाजतात. हातांतलें सूप तिनें तोंडासमोर धरलें कीं धग त्याच क्षणीं थांबते. आपला पडदा म्हणजे हें सूपच होय.

प्रारणाचा नियम मोठा कडक आहे. १८७९ सालीं योसेफ स्टेफान या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं तप्त पदार्थाचें प्रारण निरपेक्ष उष्णतामानाच्या चतुर्थ घातानें वाढतें. त्या हिशेबानें ५०० अंशांवरील गंजका ओतीव पृष्ठभाग दर चौरस मीटरास सुमारें १६ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. भर दुपारचें ऊन दर चौरस मीटरास एक किलोवॅटच्या आसपास असतें. म्हणजे मॅनिफोल्डच्या अगदीं लगत बसलेली प्लॅस्टिकची फिल्टरपेटी नवतप्याच्या सोळापट उन्हांत उभी आहे. तिच्यावर पत्र्याची सावली असावी कीं नसावी, हें आपणच ठरवावें.

ही सावली चकचकीत हवी. घासलेला ॲल्युमिनियमचा पत्रा अंगावर पडलेल्या प्रारणापैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक परत फेंकतो. १८९२ सालीं जेम्स ड्यूअर यानें दुहेरी भिंतीची जी रुपेरी बाटली केली, व जी पुढें आपल्या घरांत थर्मास म्हणून आली, तिच्या चकाकीचें कारण हेंच आहे. कित्येक उत्साही लोक पडदा तयार झाल्यावर त्यास काळा रंग देतात. तो दिसण्यांत ऐटदार होतो, आणि धग पिऊन स्वतःच दुसरी चूल बनतो.

येथें थोडें थांबून, हा उद्योग कोणीं करूं नये तें सांगितलें पाहिजे. कारण बाजारांत या विषयाचीं मोठीं आश्वासनें ऐकूं येतात. आजच्या बहुतेक गाड्यांत कारखान्यानेंच हवेचें तोंड पुढच्या जाळीजवळ किंवा दिव्याच्या मागें, बाहेरची ताजी हवा लागेल अशा जागीं नेलेलें असतें, आणि फिल्टर बंद पेटींत ठेवलेला असतो. अशी पेटी शाबूत असेल, तिच्या पुढची नळी निसटलेली नसेल व चिरलेली नसेल, तर पडद्यानें फारसा लाभ होणार नाहीं. पुष्कळ गाड्यांत ही पुढची नळी मागच्या दुरुस्तीच्या वेळीं काढलेली असते व परत बसविलेली नसते. प्रथम ती शोधावी. बसली कीं अर्धें काम झालें, तेंहि पत्र्यास कात्री न लावतां.

पडद्याची खरी गरज दोघांना आहे. ज्यांच्या गाडींत फिल्टरपेटी मॅनिफोल्डच्या कुशीतच बसलेली आहे अशा जुन्या गाडीवाल्यांना. आणि ज्यांनीं कोणाच्या सांगण्यावरून मूळची पेटी काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बॉनेटखालीं लावला आहे त्यांना. हा उघडा फिल्टर शक्ति वाढवितो म्हणून विकला जातो. थंड देशांतील शर्यतीच्या मैदानावर त्याचा कांहीं उपयोग असेल. यवतमाळच्या मे महिन्यांत तो इंजिनाच्या तोंडीं भट्टीची हवा लावतो व वर घुरघुर आवाज करतो. मालक त्या आवाजास शक्ति समजतो. अशांना माझें पहिलें सांगणें, मूळची पेटी परत बसवा. ती मिळतच नसेल तर पडदा करा.

दुसरें आश्वासन मायलेजचें. पांढरकवड्याच्या राष्ट्रीय महामार्गावर ताशीं साठ-सत्तर किलोमीटरच्या एकसारख्या वेगानें जाणाऱ्या पेट्रोलच्या गाडीस थंड हवेनें पेट्रोलची बचत होत नाहीं. अशा वेळीं इंजिनाचें घशाचें झाकण अर्धवट मिटलेलेंच असतें. हवा विरळ झाली तर तें थोडें अधिक उघडतें, इतकेंच. लाभ होतो तो ज्या वेळीं झाकण पूर्ण उघडलेलें असतें त्या वेळीं, म्हणजे चढावर, ओलांडतांना, भरल्या गाडींत. आणि गाडी रेल्वेच्या फाटकापाशीं दहा मिनिटें उभी असेल तर पडदा फार थोडें करूं शकतो. कारण त्या वेळीं बॉनेटखालची सगळीच हवा तापलेली असते.

गंमतीची गोष्ट अशी कीं थंड देशांत याच्या अगदीं उलट खटाटोप करीत. युरोपांतील पुष्कळ जुन्या मोटारींच्या एअर फिल्टरला फिरविण्याजोगें नाक असे. हिवाळ्यांत तें मुद्दाम मॅनिफोल्डकडे वळवीत, कारण दमट गार हवेंत कार्बोरेटरच्या आंत बर्फ धरत असे; उन्हाळा आला कीं तें परत बाहेर वळवीत. आपल्याकडे पद्मिनी व ॲम्बॅसॅडर रस्त्यावर होत्या तोंपर्यंत तऱ्हा वेगळी होती. उन्हाळ्यांत पेट्रोलच्या नळींतच पेट्रोलची वाफ धरून गाडी बंद पडे, आणि चालक पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें घालून झाडाखालीं बसून राही. तें फडकें आणि आजचा पडदा एकाच कुळांतले. मारुति ८०० ची निर्मिति १९८३ च्या डिसेंबरांत सुरू झाली व २०१४ सालीं थांबली. त्या मधल्या काळांत इंधन कार्बोरेटरऐवजीं पिचकारीनें देण्याची पद्धत रूढ झाली, आणि ओल्या फडक्याची गरज हळूहळू संपली. हवेची गरज मात्र होती तशीच राहिली.

आतां प्रत्यक्ष कृति. पत्रा ॲल्युमिनियमचा, १८ गेजचा, म्हणजे सुमारें १.२ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. सोळा इंच लांब व बारा इंच रुंद तुकडा वजनानें ४०० ग्रॅमांच्या आसपास भरतो; गाडीस त्याचा भार नाहीं. तो मऊ जातीचा असावा, कडक जातीचा दुमडतांना चिरतो. आपल्या जिल्ह्यांत गांवोगांव कूलरच्या पेट्या करणारे कारागीर आहेत. त्यांच्यापाशीं पत्रा वांकविण्याचें साधन असतें व हातहि सरावलेला असतो. उन्हाळ्याच्या तोंडाशीं त्यांना मान वर करण्यास फुरसत नसते. म्हणून हें काम माघ-फाल्गुनांत उरकावें. तो कारागीर आपल्या संवयीचा जस्ती पत्रा पुढें करील. तो मॅनिफोल्डजवळ घेऊं नये. जस्त ४२० अंशांस वितळतें आणि फार तापल्यास त्याची बाधक वाफ निघते. खाद्य तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कित्येकांना सुचतो. तो पातळ असल्यामुळें खडखडतो, लवकर गंजतो, आणि त्याची कड सुरीसारखी असते. नमुना करण्यास तो चांगला.

नमुना मात्र केल्याशिवाय पत्र्यास कात्री लावूं नये. घरांत आलेल्या कोणत्याहि मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार झालेली असावी. बॅटरीचें ऋण टोंक सोडवून ठेवावें, कारण कित्येक गाड्यांत किल्ली काढल्यानंतरहि रेडिएटरचा पंखा आपोआप फिरूं लागतो आणि बोटें त्याच्याच शेजारीं असतात. मग पुठ्ठा मॅनिफोल्ड आणि फिल्टर यांच्यामध्यें उभा धरून पेन्सिलीनें खुणा कराव्या, कापावा, परत धरावा. तीन-चार पुठ्ठे वांया जातील. जाऊं द्यावे.

अंतरें संभाळण्यास मी फार महत्त्व देतों. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, म्हणून पडदा मॅनिफोल्डपासून निदान दोन इंच दूर असावा. इंजिन रबरी आधारांवर बसविलेलें असतें व हिसका बसला कीं तें डुलतें. तेव्हां इंजिनाचा कोणताहि भाग व पडदा यांत एक इंच मोकळी जागा हवीच. फिल्टरपेटी व पडदा यांच्यामध्यें अर्धा इंच पोकळी ठेवावी आणि ती वर व खालीं उघडी असावी, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते व खालून दुसरी येते. हीच पोकळी कांहीं लोक चिंध्या किंवा काथ्या यांनीं भरून काढतात. उष्णता अडविणारी वस्तु ती हालचाल न करणारी हवा, हें खरें. पण जेथें ५०० अंशांचा शेजार आहे तेथें जळणारी वस्तु ठेवणें म्हणजे आगीला आमंत्रण होय. कापसाच्या जिल्ह्यांतील माणसास ठिणगी आणि सरकीचा ढीग यांचें नातें सांगावयास नको. थर्माकोल १०० अंशांच्या आसपासच मऊ पडून आकसतो व पेटतो. एस्बेस्टॉसचा कागद एके काळीं अशा कामास सर्रास वापरीत. त्याचे तंतु श्वासावाटें फुप्फुसांत जाऊन कर्करोगापर्यंत मजल नेतात, म्हणून जुन्या दुकानांत तो पडून असलेला मिळाला तरी हात लावूं नये.

बॉनेट मिटल्यावर तें पडद्याच्या माथ्याला लागतें कीं काय हें डोळ्यांनीं दिसत नाहीं. त्यासाठीं गृहिणीची मदत घ्यावी. घट्ट मळलेल्या कणकेच्या चार-पांच गोळ्या पडद्याच्या वरच्या कडेवर थोड्या थोड्या अंतरानें बसवाव्या, बॉनेट हळूच मिटून पुन्हां उघडावें. ज्या जागीं कणीक चेपून कागदासारखी पातळ झाली तेथें पत्रा कमी करावा. जेथें गोळी तशीच उभी राहिली तेथून धग आंत येणार. शेवटीं पाव इंचाची फट सर्वत्र सारखी ठेवून ती कडेला बसविलेल्या रबरी बीडिंगनें भरून काढावी. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या सुचतील, पण त्या उष्णतेनें कडक होऊन एका हंगामांत तुटतात.

पत्रा कापून झाल्यावर कडा कानशीनें घासाव्या, आणि शक्य तेथें पितळी परातीच्या काठाप्रमाणें दुमडून घ्याव्या. दुमडलेली कड कापत नाहीं आणि पत्र्याचें थरथरणेंहि कमी करते. पडदा अडकविण्यास गाडींत आधींच असलेल्या बोल्टांचा उपयोग करावा. नवीं भोकें पाडण्याचा मोह टाळावा, कारण पत्र्याच्या पलीकडे तारांचा जुडगा असतो. ब्रेकच्या नळीला, पेट्रोलच्या नळीला किंवा विजेच्या तारेला पडद्याचा आधार देऊं नये, आणि त्यांपैकीं कशावरहि त्याची कड घासूं देऊं नये. सहा मिलिमीटरचे बोल्ट, खालीं रुंद वॉशर आणि सैल न होणारे लॉक नट पुरेसे आहेत. ब्रेकच्या तेलाची व रेडिएटरच्या पाण्याची टांकी उघडतां येईल इतकी वाट ठेवावी. हमीच्या मुदतींतील गाडीस कांहींहि अडकविण्यापूर्वीं कंपनीच्या केंद्रांत विचारून घ्यावें.

उघड्या फिल्टरवाल्यांना एका पत्र्यानें भागणार नाहीं. त्यांनीं इंजिनाची बाजू, मागची बाजू व तळ झांकणारी पेटी करावी आणि बॉनेट हेंच तिचें झाकण समजावें. परंतु पेटीस पुढच्या जाळीकडून ताज्या हवेची वाट ठेवली नाहीं तर सर्व श्रम व्यर्थ. कूलर लावलेल्या खोलीची खिडकी उघडी ठेवावी लागते हें आपल्याकडील लहान मुलाला कळतें. मोटारीच्या बाबतींत मोठीं माणसें विसरतात. ही वाट तीन इंच व्यासाच्या लवचिक नळीनें करतां येते.

त्या नळीचें तोंड कोठें ठेवावें, याविषयीं दोन शब्द अधिक बोललें पाहिजे, कारण येथील हलगर्जी नुसती शक्ति घालवीत नाहीं, इंजिनच घालविते. सर्वांत थंड हवा बंपरच्या खालीं मिळते, म्हणून कांहीं लोक तोंड तेथपर्यंत नेतात. जूनमध्यें पाऊस येतो. पैनगंगेच्या व वर्धेच्या खोऱ्यांतील कितीतरी नाले तासाभरांत भरून रस्त्यावरून वाहूं लागतात. अशा पाण्यांतून जातांना खालीं आणलेली नळी हवेऐवजीं पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो व त्याचा दांडा वांकतो. त्यानंतर जें बिल येतें त्यांत पत्र्याच्या कित्येक गाड्या भरून येतील. कारखान्यानें हवेचें तोंड ज्या उंचीवर ठेवलें आहे तिच्या खालीं तें कधींहि आणूं नये, मग उन्हाळ्यांत दोन अंश कमी मिळाले तरी चालतील.

आणि फिल्टरचें मूळ काम विसरूं नये. तो थंडाव्यासाठीं नसून धुळीसाठीं आहे. आपल्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते. वणीकडील कोळशाच्या रस्त्यांवर तींत कोळशाची भुकटी मिसळते. म्हणूनच जुन्या जीप व ट्रॅक्टर यांना धूळ तेलांत बुडविणारे फिल्टर असत, आणि कित्येक ट्रॅक्टरांना ते अजून असतात. पडदा बसवितांना पेटीचें झाकण नीट बसलें नाहीं, क्लिप राहून गेली, नळीच्या सांध्यास फट राहिली, तर धूळ फिल्टर चुकवून सरळ सिलिंडरांत जाते व त्याच्या भिंती कानशीप्रमाणें घांसते. थंड धुळकट हवेपेक्षां तापलेली स्वच्छ हवा केव्हांहि बरी.

पडदा बसला, आतां त्यानें कांहीं केलें कीं नाहीं हें मोजावें. तारेच्या टोंकाशीं संवेदक असलेला अंक दाखविणारा लहान तापमापक बाजारांत थोडक्या पैशांत मिळतो. त्याचें टोंक फिल्टरपेटींत, पण फिल्टरच्या धुळीच्या बाजूस बसवावें; स्वच्छ बाजूस बसविलें आणि सुटलें तर तें इंजिनांत जाईल. दुसरा तापमापक बाहेरच्या सावलींतील हवेसाठीं. ज्यांच्या गाडीच्या संगणकास वाचकयंत्र जोडतां येतें त्यांना आंत जाणाऱ्या हवेचा आंकडा तेथेंच दिसेल. पडदा नसतांना एक दिवस व असतांना एक दिवस, त्याच रस्त्यानें, त्याच वेळीं, तितक्याच माणसांसह जावें. गांवांतून हळू जातांना, मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटें एका वेगानें गेल्यावर, आणि पांच मिनिटें उभें राहिल्यावर, अशा तिन्ही वेळीं दोन्ही आंकडे टिपावे. पाहावयाचा तो आंतल्या व बाहेरच्या आंकड्यांतील फरक. नुसता आंतला आंकडा पाहिला तर पडद्याचें यश आणि ढगाळ दिवस यांची गल्लत होते. चालत्या गाडींत हा फरक पूर्वीपेक्षां ठळकपणें कमी झालेला दिसला नाहीं, तर पडदा काढून तोच पत्रा घरांतील गॅसच्या शेगडीमागें, भिंतीला धग लागूं नये म्हणून उभा करावा. तेथें तो निश्चित उपयोगी पडेल.

उपयोगी ठरलेला पडदा वर्षभर राहूं देण्यास हरकत नाहीं. पहिल्या पांचशें किलोमीटरांनंतर सर्व बोल्ट पुन्हां आवळून घ्यावे, कारण नवा पत्रा आपल्या जागीं थोडा बसतो. पावसाळ्यानंतर पडद्याच्या तळाशीं सांचलेला चिखल व पालापाचोळा काढून टाकावा, आणि मागच्या पोकळींत उंदरानें चिंध्यांचें घरटें केलें आहे काय हें कंदील किंवा विजेरी घेऊन एकदां पाहून घ्यावें. गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर इंजिन सुरू करण्यापूर्वींच.